सोंग, ढोंग आणि सुरतेची वाट

मुंबईहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग नवसारी, मरोली आणि सचिन ही स्थानके मागे टाकून भेस्तानला येतो. तेथून उधना आणि सुरत अगदी जवळ. एके काळचे हे खेडे आता सुरत शहराच्या पोटात गेले आहे. यंत्रमागांच्या आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांवर पोट भरणाऱ्या ज्या वसाहती या बाजूस पसरल्या आहेत त्यांत गुजरातीच्या बरोबरीने खानदेशातून आलेल्या माणसांची मराठी व अहिराणी कानी पडते. इतिहासाच्या पुस्तकांत भेस्तानचे नाव क्वचितच येते. पण दक्षिणेकडून सुरतेवर येणारी वाट याच टापूतून जाते, आणि या टापूने दोनशे सहासष्ट वर्षांच्या अंतराने दोन प्रवास पाहिले. इ. स. १६६४ च्या जानेवारीत शिवाजीमहाराज दक्षिणेकडून आले ते आपले नाव झाकून. १९३० च्या एप्रिलात महात्मा गांधी सुरतेहून दक्षिणेस निघाले ते आपले नाव, मार्ग आणि हेतू सर्व जगाला आधी कळवून. दोघांच्याही मनात परकी सत्तेचा प्रतिकार होता व दोघांनाही आपल्या लोकांचे हित साधावयाचे होते. एकाने बतावणीचा आश्रय घेतला आणि दुसऱ्याने ती पूर्णपणे वर्ज्य मानली. चांगल्या कार्यासाठी केलेले ढोंग समर्थनीय ठरते काय, हा जुनाच प्रश्न. पण या एका वाटेवर तो जितका मूर्त होऊन उभा राहतो तितका क्वचितच अन्यत्र राहत असेल.

प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. या बाबतीत आपली भाषा दरिद्री नाही. सोंग, ढोंग, दंभ, कपट, कावा असे अनेक शब्द आपल्याजवळ आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. कोकणातल्या दशावतारात रात्रभर सोंगे नाचतात. बहुरूपी दारोदार सोंग घेऊन हिंडतो. त्यांना कोणी खोटे म्हणत नाही, कारण सोंग उतरवावयाचे असते हे घेणाराही जाणतो व पाहणाराही. रणांगणावर शत्रूला फसविण्यासाठी घेतलेले सोंग पाहणाऱ्याला कळत नाही, एवढा त्यात फरक. परंतु तेथेही सोंग घेणारा 'मी सज्जन आहे, मला मान द्या' असा दावा करीत नसतो. ढोंगाची किंवा दंभाची जात निराळी. अंगी नसलेला गुण आहे असे भासवून त्यावर मान, धन वा सत्ता मिळविणे हे त्याचे लक्षण. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची गणना सुरू होते ती दंभापासूनच, आणि तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अदंभित्वाला दुसरे स्थान दिलेले आहे. कपटाचा विशेष असा की त्यात आधी विश्वास देऊन मग तो मोडला जातो. सोंग, दंभ आणि विश्वासघात या तिन्हींना एकाच मापाने मोजल्यामुळे आपल्याकडील पुष्कळशी चर्चा आजवर भरकटत आली आहे.

आता १६६४ सालाकडे वळू. शाहिस्तेखानाने पुणे प्रांत सुमारे तीन वर्षे दाबून धरला होता. एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी लाल महालावर छापा घालून त्याला हुसकावले. त्या प्रसंगीही छावणीच्या पहारेकऱ्यांना आपण बादशाही फौजेतील दक्षिणी शिपाई असून नेमल्या जागी पहाऱ्यास जात आहोत असे सांगितल्याची नोंद आहे. खान गेला, पण त्याच्या मुक्कामाने उजाड केलेला मुलूख व रिकामा झालेला खजिना मागे राहिला. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. ही म्हण त्या वर्षी स्वराज्याच्या कारभाऱ्यांना शब्दशः अनुभवावी लागली असली पाहिजे. मोगलांच्या राज्यातील सर्वांत संपन्न बंदर सुरत होते. मक्केचे यात्रेकरू येथूनच जहाजावर चढत. इंग्रज व डच या दोघांच्याही वखारी येथे होत्या. आणि प्रसिद्ध वीरजी व्होरा याच्यासारखे श्रीमंत व्यापारी येथे नांदत होते. सुरत मारिल्यास अगणित द्रव्य मिळेल, ही खबर बहिर्जी जासुदाने आणल्याचे सभासद बखर सांगते.

इंग्रजी कागदांतील जुन्या गणनेप्रमाणे मंगळवार, ५ जानेवारी १६६४ रोजी सकाळी सुरतेत बातमी थडकली की, अठ्ठावीस मैलांवरील गणदेवीस एक मोठी फौज आली आहे. डच साधनांतील वृत्तान्तानुसार या फौजेने आपली ओळख सांगितली ती अशी : आम्ही बादशहाचेच लोक असून गुजरातेतील बंड मोडण्यास महाबतखानाच्या मदतीकरिता अहमदाबादेस चाललो आहोत. महाबतखान त्या वेळी गुजरातचा सुभेदार होता, तेव्हा ही थाप अगदीच अशक्य कोटीतली नव्हती. तथापि शहरात खरे नाव लवकरच पोचले. लोक बायकामुलांसह तापी ओलांडून पळू लागले. धनिकांनी किल्लेदारास पैसे चारून किल्ल्यात आसरा मिळविला. रात्रीपर्यंत फौज शहरापासून पाच मैलांच्या आत आली. म्हणजे आजच्या भेस्तान-उधन्याच्या परिसरातच तिचा तळ पडला असावा.

येथे घडलेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. त्याच रात्री महाराजांनी दोन जासूद पाठवून सुभेदाराला व शहरातील तीन सर्वांत मोठ्या व्यापाऱ्यांना पत्र दिले. त्यात स्वतः येऊन खंडणीचा ठराव करा, नाहीतर शहर आगीच्या व तलवारीच्या स्वाधीन होईल, असे स्पष्ट बजावले होते. म्हणजे वेशीपाशी येताच सोंग उतरले. लुटीला महाराजांनी दुसरे गोंडस नाव दिले नाही. पुढे १६७२ मध्ये सुरतेकडे चौथाईची मागणी करताना त्यांनी जे कारण दिले तेही याच धर्तीचे होते : तुमच्या बादशहाने मला माझ्या देशाच्या रक्षणासाठी सैन्य बाळगणे भाग पाडले आहे, तेव्हा त्या सैन्याचा खर्च त्याच्या प्रजेने सोसला पाहिजे. हा युक्तिवाद सुरतेच्या व्यापाऱ्याला रुचला नसेल, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही रुचला नसता. पण त्यात कसलाही आडपडदा नाही. ज्याला विरोध करावयाचा आहे त्याने काय नाकारावयाचे हे त्याला स्वच्छ कळते.

याउलट सुरतेच्या तटाआड जे चालले होते त्याला दंभाखेरीज दुसरे नाव नाही. सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार सरकारी खजिन्यातून नियमाने उचलीत असे. पण ते शिपाई बहुतांशी कागदावरच होते. वर्षानुवर्षे बादशहाला वाटत राहिले की आपले श्रीमंत बंदर संरक्षित आहे, आणि रयतेलाही तसेच वाटत राहिले. बुधवारी ६ तारखेला अकराच्या सुमारास मराठे बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरील बागेत उतरले, तोपर्यंत सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला होता. शहराला धड कोट नव्हता, होती ती मातीची नावापुरती भिंत. त्या चार दिवसांत सुरतेच्या सामान्य माणसाचे जे हाल झाले त्यांचा दोष वाटताना बहुतेक लेखक मराठ्यांच्या तलवारीपाशीच थांबतात. ज्याने रक्षणाचे पैसे घेऊन रक्षण केले नाही त्याच्या रोजच्या, शांततेच्या काळातील, कोणालाही न खुपणाऱ्या खोटेपणाचा वाटा त्यात किती होता, हेही विचारले पाहिजे. दंभाचा मोठा धोका हाच. तो वर्षानुवर्षे निरुपद्रवी दिसतो आणि त्याची किंमत एका दिवशी, भलत्याच माणसांकडून, वसूल केली जाते.

गुरुवारी ७ तारखेला तिसरा प्रकार घडला. तहाचे बोलणे करण्याच्या मिषाने इनायतखानाचा एक तरुण वकील महाराजांच्या छावणीत आला. तुझा धनी बायकांसारखा कोठडीत लपला आहे, असे महाराजांनी त्यास हिणविले असता, आम्ही बायका नव्हेत, असे म्हणत तो खंजीर उपसून धावला. अंगरक्षकाने एका घावात त्याचा हात तोडला. पण धावण्याचा वेग इतका की, त्या थोट्या हातानेच तो महाराजांवर कोसळला व दोघेही जमिनीवर आले. रक्त पाहून महाराज मारले गेले अशी हाकाटी उठली आणि कैद्यांची कत्तल करा असा ओरडा झाला. अंगरक्षकाने मारेकऱ्याचे मस्तक फोडले. महाराज उठून उभे राहिले व त्यांनी सरसकट कत्तलीस मनाई केली.

या वकिलाच्या कृत्याला त्याच्या बाजूने 'चांगले कार्य' म्हणता येणार नाही काय? आपले जळते शहर वाचविण्यासाठी शत्रूच्या नायकाला ठार मारू पाहणारा माणूस भित्रा खचित नव्हता. किंबहुना त्या चार दिवसांत सुभेदाराच्या पदरच्या लोकांत धैर्य दाखविलेला तो बहुधा एकटाच. तरीही त्याचे कृत्य सोंगाहून निराळे पडते, कारण वकिलाच्या वेषावर दोन्ही पक्षांचा विश्वास असतो म्हणूनच युद्ध थांबविण्याची एक वाट उघडी राहते. तो वेष खंजिरासाठी वापरला की पुढच्या वकिलालाही कोणी जवळ येऊ देत नाही. अनोळखी फौजेवर किती विश्वास ठेवावयाचा हे ज्याने त्याने ठरवावयाचे असते. तहाच्या बोलण्यावर मात्र विश्वास ठेवावाच लागतो. शिवाय या विश्वासघाताचे प्रायश्चित्त कोणाला मिळाले? मारेकरी जागीच ठार झाला. त्यानंतर महाराजांनी कैद्यांना पुढे आणवून चौघांची डोकी मारविली व चोवीस जणांचे हात तोडविले. हे सत्य कटू आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे हेही एक ढोंगच होईल. या कैद्यांनी खंजीर उपसला नव्हता. संतापाच्या व संशयाच्या त्या घडीस इनायतखानाच्या कपटाचा दंड त्यांना भरावा लागला, आणि तो वसूल करणारा हात आपल्या आदराचा विषय असलेल्या पुरुषाचा होता.

त्याच चार दिवसांची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो की, कापुचिन पंथाचे मिशनरी फादर अँब्रोस यांच्या निवासाला मराठ्यांनी धक्का लावला नाही; आणि डचांचा एक दिवंगत दलाल हयातीत मोठा दानशूर होता असे कळल्यावरून त्याचेही घर वगळण्यात आले. रविवारी १० तारखेला मोगलांची कुमक येत असल्याचे कळताच मराठे निघून गेले. शहराचा मोठा भाग जळाला होता आणि लूट एक कोटीच्या वर गेल्याचा अंदाज आहे. औरंगजेबाने पुढे सुरतेच्या व्यापाऱ्यांना एक वर्षाची जकात माफ केली व शहराला विटांचा कोट बांधविला. पाचशे शिपाई आधी खरोखर ठेवले असते तर यातले कितीतरी टळले असते.

महाराजांच्या चरित्रातील अशा प्रसंगांचा नैतिक निवाडा करण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न सुरतेत झाला नाही. तो पुण्यात झाला. जून १८९७ मध्ये शिवराज्याभिषेकाच्या उत्सवात प्रा. चिंतामण गंगाधर भानू यांनी अफझलखानाच्या वधावर व्याख्यान दिले आणि लोकमान्य टिळकांनी समारोप केला. १५ जूनच्या 'केसरी'त त्याचा वृत्तान्त आला. लोकमान्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा : निःस्वार्थ बुद्धीने, लोकांच्या हितासाठी केलेल्या कृत्याचे पाप कर्त्याला लागत नाही, व थोरांची कृत्ये सामान्य व्यवहाराच्या कायद्याने मोजू नयेत. २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. लवकरच लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला भरला जाऊन सप्टेंबरात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त, 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात, सत्य व अहिंसा या नियमांना शास्त्रकारांनी कोणते अपवाद सांगितले याची त्यांनी सविस्तर छाननी केली आहे. अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी धर्मराजाने उच्चारलेल्या अर्धसत्याची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्या क्षणापर्यंत भूमीवर अधांतरी चालणारा त्याचा रथ जमिनीस टेकला. युद्ध जिंकले गेले, पण रथ पुन्हा वर उचलला गेल्याचे व्यासांनी सांगितलेले नाही. महाभारताचा निवाडा यातच आला. कार्य साधते आणि डागही राहतो. एकाने दुसरे पुसले जात नाही.

लोकमान्यांच्या कसोटीत मोठे सामर्थ्य आहे. तिने हेतूला केंद्रस्थानी आणले आणि परसत्तेने नीतीच्या नावाखाली लादलेल्या लाचारीतून एका पिढीला सोडविले. परंतु तिच्यात एक अडचण आहे, आणि ती लोकमान्यांच्या थोरवीने दूर होत नाही. निःस्वार्थ बुद्धी ही दुसऱ्याला दिसत नाही. पुष्कळदा ती स्वतःलाही नीट दिसत नाही. आपण स्वार्थासाठी वागत आहो असे मानणारा माणूस विरळा. मुंबईच्या इंग्रजांनी मार्च १७७५ मध्ये याच सुरतेत रघुनाथरावांशी तह केला तेव्हा आपण पेशवाईच्या खऱ्या हक्कदाराला न्याय मिळवून देत आहो, अशीच त्यांची भाषा होती. या न्यायबुद्धीचे मोल साष्टी व वसई एवढे ठरले होते, आणि त्यांपैकी साष्टीतील ठाण्याचा किल्ला त्यांनी तहापूर्वीच, डिसेंबर १७७४ मध्ये, हल्ला करून घेतला होता. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने हा तह अमान्य केला. मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहान्वये रघुनाथरावांचा पक्ष सोडावयाचे ठरले. साष्टी मात्र इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवली. हक्कदार बाजूला झाला, न्याय बाजूला झाला आणि मोबदला तेवढा उरला. ढोंगाची याहून सोपी परीक्षा सापडणार नाही. सांगितलेले कारण नाहीसे झाल्यावर मिळालेला लाभ परत होतो की नाही, एवढे पाहावे.

परंतु दुर्बलाने जीव वाचविण्यासाठी घेतलेल्या आवरणाला हीच परीक्षा लावावयाची काय? गोमंतकाच्या इतिहासाने हा प्रश्न फार तीव्रतेने विचारला आहे. सोळाव्या शतकात सासष्टीतील देवळांवर गदा आली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. ज्यांना देवाबरोबर जाता आले ते गेले. जे घरदार व शेत धरून मागे राहिले त्यांतील पुष्कळांनी नवा धर्म पत्करला. कोणी श्रद्धेने, कोणी भयाने. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेले इन्क्विझिशन, मध्यंतरीचा थोडा खंड सोडता, १८१२ पर्यंत चालले, आणि त्याच्यापुढील खटल्यांचा मोठा भाग नवख्रिस्ती लोकांनी जुने आचार गुप्तपणे चालविल्याच्या आरोपांचा होता. १७३६ च्या फर्मानाने घराच्या आवारात तुळस लावणे, लग्नात ओव्या गाणे, पुडवे नेसणे, इतकेच काय पण बिनमिठाचा भात शिजविणे यांवरही बंदी घातली. पावणेदोनशे वर्षांनंतरही बंदी घालावी लागते याचा अर्थ उघड आहे. ते सारे तोवर टिकून होते. दारापुढे क्रूस आणि माजघरात ओवी, अशा घरांना आपण ढोंगी म्हणणार काय? मला तसे म्हणवत नाही. या लोकांनी आपल्या आवरणावर मान मिळविला नाही, दुसऱ्यांवर सत्ता गाजविली नाही. त्यांच्या बतावणीचा भार ती करणाऱ्यांच्याच मनावर पडला, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पडला. येथे दंभाचा दोष द्यावयाचाच तर तो माणसाच्या स्वयंपाकघरात डोकावून त्याला खोटे बोलावयास लावणाऱ्या सत्तेला दिला पाहिजे.

आता १९३० च्या प्रवासाकडे येऊ. जानेवारी १९२० मध्येच 'यंग इंडिया'च्या पृष्ठांवर लोकमान्य व गांधीजी यांच्यात या विषयावर उघड मतभेद झाला होता. राजकारण हा व्यवहारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे, हे लोकमान्यांचे म्हणणे; तर राजकारण साधुत्वाला पारखे मानणे हाच बुद्धीचा आळस, हा गांधीजींचा पक्ष. दहा वर्षांनी गांधीजींनी आपले म्हणणे चालून दाखविले. २ मार्च १९३० रोजी त्यांनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून आपण कोणता कायदा मोडणार हे आधी कळविले. १२ मार्चला अठ्ठ्याहत्तर सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघून ते १ एप्रिलला सुरतेत आले. पुढे भेस्तानच्या शेजारच्या डिंडोलीवरून वांझ, धामण व नवसारी असे करीत ५ तारखेस दांडीस पोचले. दुसऱ्या दिवशी मीठ उचलले गेले. शत्रूला गाफील गाठण्यात जे सामर्थ्य असते, त्याच्या नेमके उलट सामर्थ्य या प्रवासात होते. सरकारला सर्व काही माहीत असूनही काय करावे ते कळत नव्हते.

पण या प्रवासातील सर्वांत मोलाचा प्रसंग दांडीचा नव्हे. तो सुरत जिल्ह्यातीलच भाटगाम येथे २९ मार्चला घडला. व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी त्याचा दरमहा एकवीस हजारांवरचा पगार व हिंदी माणसाची दोन आण्यांची दैनिक प्राप्ती यांची तुलना करून तो पगार पाच हजार पटींहून अधिक असल्याचे दाखविले होते. आणि इकडे यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारीने दूध येत होते, रात्रीच्या वाटचालीत प्रखर दिवे गरीब मजुरांच्या डोक्यावर वाहिले जात होते. हे ध्यानी येताच गांधीजींनी भाटगामच्या सभेत स्वतःला व सहकाऱ्यांना कठोर शब्दांत दोष दिला. आपणच सरासरी माणसाच्या कित्येक पटींनी खर्च करू लागलो तर त्या पत्राचा आपल्याला अधिकार उरत नाही, असा त्यांचा आशय होता. कार्य निःसंशय चांगले होते. दूध आणणाऱ्यांचा हेतूही भक्तीचाच होता. थोडे डोळे झाकले असते तर कोणाचे काय बिघडले असते? इंग्रज पत्रकारांनाही कदाचित पत्ता लागला नसता. तरी त्यांनी ते जाहीर सभेत उघडे केले. कारण ज्या चळवळीचे सारे बळ नैतिक अधिकारात आहे तिला दंभ विषासारखा असतो. गनिमी काव्याने लढणाऱ्या सेनापतीला सोंग परवडते. उपदेशाने लढणाऱ्याला दंभाचा कणही परवडत नाही. महाराज व महात्मा यांच्यात भेद आहे तो या ठिकाणी, आणि म्हणूनच एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजणारे दोघांवरही अन्याय करतात.

या सर्वांवरून काही निष्कर्ष काढता येतात. सशस्त्र व बलाढ्य शत्रूला वाटेत चकविणारे, वेशीवर उतरविले जाणारे आणि आपल्या नावावर पुण्य न जोडणारे सोंग क्षम्य मानता येईल; मात्र त्यानंतरच्या तलवारीचा हिशेब वेगळा द्यावा लागेल. सोंग क्षम्य होते म्हणून चोवीस हातांचा हिशेब माफ होत नाही. दुर्बलाने जीव व श्रद्धा राखण्यासाठी घेतलेले आवरण क्षमेच्या नव्हे, सहानुभूतीच्या कक्षेत येते. तहाचे बोलणे, वकिलाचा वेष, जामीन, शपथ यांचा मोड चांगल्या कार्यासाठीही करू नये, कारण त्याने दोन्ही पक्षांची परतीची वाट बंद होते. आणि दंभ, म्हणजे नसलेल्या गुणाचे भांडवल, हा कोणत्याही कार्याने पवित्र होत नाही. उलट कार्य जितके थोर तितका तो त्याला लवकर पोखरतो.

यावर कोणी म्हणेल की, हा सारा जुन्या काळाचा ऊहापोह झाला. आज कोण सुरतेवर चालून जाणार आहे? परंतु प्रश्न आजही भेस्तानच्या आसपास उभा आहे, आणि तो आपल्यालाच उद्देशून आहे. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. त्या शाळेत महाराजांचा धडा शिकणारे मूल सुरतेतच जन्मलेले असते. ज्या शहराच्या लुटीचा प्रसंग ते शिकते त्याच शहराच्या भाकरीवर ते वाढत असते. त्याच्या वर्गाबाहेरच्या गुजराती मित्राच्या घरी तीच गोष्ट आगीची व पळापळीची म्हणून सांगितली जात असण्याचा संभव आहे. अशा वेळी शिक्षकाने काय करावे? चोवीस हातांची गोष्ट गाळून मुलाचा अभिमान जपावा की ती सांगावी? अभिमान जपणे हे चांगले कार्य आहे यात शंका नाही. पण गाळणे हे सोंग नव्हे, कारण ते कधी उतरवावयाचे नसते. तो सरळ दंभ आहे, आणि एखाद्या दिवशी मुलाला दुसऱ्याच्या तोंडून सत्य कळले म्हणजे त्याची किंमत महाराजांच्या कीर्तीलाच मोजावी लागेल. त्याचप्रमाणे दानशूर दलालाचे व फादर अँब्रोसचे घर वगळल्याचे किंवा इनायतखानाच्या कागदी शिपायांचे वृत्त जो गाळतो, तोही सुरतेच्या बाजूने तेच करतो.

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापण्यास प्रारंभ केला, तेव्हा आपल्या इतिहासाला गौरवाच्या आधी अस्सल कागदांची आवश्यकता आहे, हीच त्यांची धारणा होती. सुरतेच्या स्वारीचे अस्सल कागद बहुतांशी परक्यांचे आहेत : इंग्रजांचे, डचांचे, एका फ्रेंच प्रवाशाचे. त्यांत आपल्याला शोभणारे आहे व न शोभणारेही आहे. दोन्ही एकाच आवाजात सांगता आले, तर त्या मुलाला आपला नायक आणि आपले शहर यांपैकी एकाची निवड करावी लागणार नाही. महाराजांनी वेशीपाशी आपले नाव उघड केले होते. त्यांचा इतिहास सांगणाऱ्यांनी निदान तेवढे तरी करावे.